वेलाला बांधलेला आवाज

गल्लीत त्याला सगळे शूकाका म्हणायचे. जन्मला तेव्हा सुईणीला आधी "शूऽऽ" म्हणाला आणि मगच रडला म्हणे! मोबाईल घरोघरी यायच्या आधीची गोष्ट. मागच्या खोलीत त्याचा कारखाना होता. उघडे पडलेले रेडिओ, वायरींची गुंतवळ आणि ताटाएवढ्या चकत्यांवर टेप गुंडाळणारं जुनं रेकॉर्डिंगचं मशीन. खाटेच्या स्प्रिंगा उपसून त्याने त्यातून आवाज फिरवला, तर साध्या नळाची टपटप विहिरीतून आल्यासारखी घुमली. बायको मात्र तेव्हापासून जमिनीवर झोपायला लागली. एकदा स्वतः बनवलेला स्पीकर त्याने पुरत्या आवाजात सोडला, तर शेजारणीची कवळी कपात आपोआप बडबडायला लागली आणि गल्लीतलं कुत्रं जे पळालं ते दुसऱ्या गावात लग्न करून राहिलं. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्याला विचारा.

पण रेकॉर्डिंग त्याला धुतल्यासारखं स्वच्छ लागायचं, आणि बायकोला नेमकं तेव्हाच बोलायचं असायचं.

"अहो, चहा गार होतोय."

"अहो, तुमची बहीण आलीय, बाहेर या."

मशीन न थांबवताच तो ओरडायचा. मग टेपचा तेवढा तुकडा ब्लेडने कापून फेकायचा आणि उरलेली टोकं चिकटवायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं. त्या कापलेल्या तपकिरी पट्ट्या ती झाडून गोळा करायची आणि त्यांनी मागच्या दारी घेवड्याचा वेल बांधायची.

"तुमच्या नाही तर नाही," म्हणायची, "घेवड्याच्या तरी कामाची आहे मी."

मग एक दिवस भाजी निवडता निवडता ती गेलीच.

काही महिन्यांनी लेक राहायला आली. एका दुपारी कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, आईचा आवाज आठवेनासा झालाय हो. शब्द आठवतात, आवाज नाही येत कानात. इतकी रेकॉर्डिंगं केलीत, एखादी टेप लावा ना."

"लावतो की! त्यात काय!"

त्याने एकामागून एक टेपा लावल्या. नळ, करवत, स्प्रिंगा, सगळं कसं लख्ख. मधूनच एक बारीकसं टक व्हायचं.

"हे टक कसलं?"

"जोड आहे तो."

"म्हणजे?"

तो मशीनकडेच बघत राहिला. "तिथे ती बोलली होती."

"वा," लेक म्हणाली. "काय सुबक काढलंत बाबा आईला. डागही राहिला नाही."

तो उठला आणि चप्पल न घालताच मागच्या दारी गेला. वेलावर पट्ट्या होत्या अजून, वाऱ्यावर फडफडत. दोघांनी मिळून सगळ्या सोडवल्या, पुसल्या, जाड पुस्तकाखाली दाबून सरळ केल्या. पण टेपवर जी तपकिरी भुकटी असते ना, आवाज तिच्यातच राहतो. आणि ऊनपावसाने ती केव्हाच झडून गेली होती. पट्ट्या काचेसारख्या आरपार दिसत होत्या. तरीही त्याने त्या जोडल्या, वाजवल्या, आवाज वाढवत नेला. नुसती खरखर.

"बाबा, हे बघा," लेक एक पट्टी उजेडात धरून म्हणाली. जिथे गाठ होती तिथे आतल्या बाजूला बोटभर तपकिरी रंग शिल्लक होता. गाठ मारावी तर तिनेच. उन्हालाही आत शिरता आलं नव्हतं.

गाठीतले तेवढेच तुकडे कापून त्याने एकापुढे एक चिकटवले. घाईत ब्लेड बोटाला लागलं, तरी तो थांबला नाही. लेक स्पीकरला कान लावून बसली. त्याने बटण दाबलं.

खर्रर्र. टक.

"गप्प!"

लेक दचकून मागे सरली. आवाज त्याचा होता.

टक. "शूऽऽ!"

टक. "कळत नाही का गं तुला!"

"थांब, पुढे असेल ती," तो म्हणाला. "पुढच्या तुकड्यात असेल."

टक. "गप्प बस!"

असणार कशी? तो माईकला चिकटलेला, ती पलीकडे स्वयंपाकघरात. भुकटीत रुतून राहील इतका जोर त्याच्याच ओरडण्याला होता. शेवटचा तुकडा निघून गेला आणि चकती नुसतीच फिरत राहिली. ती लेकीने बंद केली.

"निदान तुमचा तरी सापडला," ती म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

थोड्या वेळाने मागच्या दारातून तिची हाक आली. "बाबा, बंध सोडले तर वेल सगळा खाली आला हो."

त्याने फळीवरची लख्ख टेपांतली एक चकती उचलली, नळाची की करवतीची तेही पाहिलं नाही. अंगणात बसून तो वेल उचलून टेपने बांधायला लागला. वेल तर केव्हाच वाळला होता. ती गेल्यापासून पाणी कुणी घातलं होतं? तो एक गाठ मारायचा, ती सुटायची. पुन्हा मारायचा, पुन्हा सुटायची. उभ्या जन्मात त्याने नुसतं कापलं होतं आणि चिकटवलं होतं.