डावीकडचं पाप

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर बायका डोक्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. मागे उभे असलेले पुरुष, आपण नुसते सोबत आलोय असा चेहरा करून, रंगवलेल्या मिशा चाचपत होते. व्यासपीठावर केशबाबा होते. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता; तो म्हणे त्यांनी जगाच्या कल्याणासाठी दिला होता.

"रंग म्हणजे काय? खोटेपणा," बाबा सांगत होते. "जितक्या वेळा रंगवलंत तितकी पुटं चढली. त्यावर नवा रंग कसा बसेल? आधी खोटं उतरवा. माझं पाणी ते ओढून काढतं."

मग ते एखादीच्या केसांवर मंतरलेलं पाणी ओतत आणि वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळत. सभागृहभर सडक्या अंड्यांचा वास सुटे. "हा पापाचा वास," बाबा म्हणत, आणि नाकं दाबलेली मंडळी माना डोलवत. प्रवचन संपेस्तोवर पिशवी सुटे आणि काळेभोर केस चक्क तांबूस निघत. लोक हात जोडत. "आता चार दिवस केसांना साधं पाणी लावायचं नाही. माझं पुण्य गटारात घालवू नका."

शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी धाकटी मागच्या रांगेत बसली होती. हा वास तिला प्रयोगशाळेतून चांगला ठाऊक होता. शेजारी तिची थोरली बहीण. वर्षानुवर्षं घरच्या घरी रंग थापून थोरलीच्या केसांचा पार झाडू झाला होता. जुना रंग काढून एकदा नीट रंगवावं, एवढंच बिचारीला हवं होतं. बाबांनी रंग काढला की तो चार दिवसांत परत येई.

आज बाबांनी तिच्यावर पुन्हा पाणी ओतलं आणि डोळे मिटले. "काळं परत येतं म्हणजे घरात कुणाचं तरी मन काळं आहे. बाहेरून आलेलं कोण आहे?"

बाहेरून आलेली एकच, सून. पाच महिन्यांची गरोदर. घरी पोचताच थोरलीने तिला माहेरी जायला सांगितलं. परत कधी यायचं ते सांगितलं नाही. मुलाने आईपुढे मान खाली घालून बायकोची बॅग काढली.

धाकटीचं डोकं तापलं. पण भांडून थोरली ऐकणारी नव्हती.

"ताई, सुनेला धाडायला आठवडाभर थांब. आणि अर्धं डोकं बाबांना, अर्धं मला दे."

"म्हणजे गं काय?"

"उजवी बाजू मी धुते. डावीला पाण्याचा थेंब लावत नाही. बाबांचं अर्धं पुण्य तरी उरेल."

कुरकुर करत थोरलीने मान वाकवली. धाकटीने उजवे केस नळाखाली इतका वेळ धरले की शेवटी थोरली म्हणाली, "आता मान मोडतेस का माझी?"

पुढच्या सभेला थोरली रुमाल बांधून गेली. बाबांनी तिला पुढे बोलावलं. "झाले ना परत काळे? मी म्हटलंच होतं." मोठ्या थाटात त्यांनी स्वतःच रुमाल सोडला. डावे केस काळे होते. उजवे तांबूसच राहिले होते.

कुजबुज सुरू झाली. बाबा अडखळले, पण जिभेला हाड नसलेला माणूस. "डावी बाजू मोहाची. तिथे पाप आधी शिरतं."

थोरली त्यांच्याकडे वळली. "बाबा, सून तर माझ्या दोन्ही बाजूंनी वावरते. तिचं पाप उजवीकडे का नाही लागलं?"

"तुझी श्रद्धा कमी पडली."

"अर्ध्याच डोक्यात?" मागून एक मिशीवाला म्हणाला, आणि सभागृह हसलं.

मग धाकटी उठली. "बाबांच्या पाण्यात रंग काढायची पूड आहे. दुकानात मिळते. तिच्यात गंधक असतं, त्याचा हा वास. रंगाचे कण केसात जाऊन एकमेकांना जोडले जातात, म्हणून अडकून बसतात. पूड ते जोड तोडते. पण तुटलेले कण आतच असतात. भरपूर पाण्याने धुतले तर निघून जातात. नाही धुतले तर हवा लागून पुन्हा जुळतात आणि केस काळे होतात. बाबा धुवायला बंदी का घालतात, कळलं? केस काळे झाले नाहीत तर तुम्ही परत कशाला याल?"

बाबा मागच्या दाराकडे सरकू लागले होते.

"आणि सारखं असलं काही ओतून केस आणखी तुटतात," धाकटी म्हणाली. "खराब टोकं कापा, थोडे दिवस रंगाला सुट्टी द्या, मग आधी एका बटेवर करून बघा. केस तुमचे आहेत, डोकंही तुमचंच आहे. शंका घेऊ नका म्हणणाऱ्यावर पहिली शंका घ्या. आणि केसांचं खापर घरातल्या माणसांवर फोडू नका."

घरी सून माहेरी न्यायच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरलीने तिच्या हातातली घडी काढून घेतली.

"मी चुकले. तू कुठेही जायचं नाहीस."

सुनेचे डोळे भरून आले. तिने सासूच्या दुरंगी डोक्याकडे पाहिलं आणि जरा घाबरतच विचारलं, "आई, आणि उजवीकडचेही काळे झाले तर?"

"तर नीट धुतले गेले नाहीत," थोरली म्हणाली. "एवढंच."