डोळा लागेल अशी गाडी

आमच्या घरात गाडी पसंत करायचं काम आईकडे होतं, आणि ते ती झोपून करायची.

हे ऐकून लोक हसतात. हसू देत. बाबांनी आयुष्यभर रुग्णवाहिका चालवली. मागे कोणी कण्हतंय, सोबत आलेला माणूस सारखा "अजून किती लांब" म्हणून विचारतोय, असंच गाडीतलं जग त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे चालत्या गाडीत माणूस निवांत झोपला, की त्यांच्या लेखी त्या गाडीबद्दल आणखी काही बोलायची गरज नसायची. जुनी गाडी घ्यायची झाली की आधी ते स्वतः वाकून, आडवं पडून सगळं तपासायचे, आणि मग आईला शेजारच्या सीटवर बसवून फेरी मारायचे. तिचा डोळा लागला तर गाडी घरी यायची. वाटेत कुठे गाडी थांबली, की आई डोळे न उघडताच विचारायची, "आलं का?" बाबा म्हणायचे, "नाही. झोप तू." मागच्या सीटवरून मला आईची एका बाजूला कललेली मान आणि सैल झालेला अंबाडा तेवढा दिसायचा. त्या मानेकडे बघता बघता आम्ही दोघी बहिणीही झोपून जायचो.

आई गेल्यावर घरात गाडी घ्यायची वेळच आली नाही. ती आली धाकटीमुळे.

धाकटी जनावरांची डॉक्टर. तिला डोंगरातल्या दवाखान्यात जागा मिळाली होती. गोठ्यागोठ्यांतून फिरायचं, वस्त्या लांब लांब, रस्ते नावापुरते. तिथल्या लोकांची अट एकच होती, स्वतःची दणकट गाडी हवी. महिनाअखेरपर्यंत गाडीची सोय झाली नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. धाकटीला दुसरं काहीही नको होतं. जेवताना घास हातात धरून ती त्या डोंगराकडे बघत बसायची, आणि आमच्या जेवणघराच्या खिडकीतून तर समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

मग आम्ही तिघं जुनी डिझेलची एसयूव्ही शोधायला लागलो. पहिल्या गाडीच्या बॉनेटवर बाबांनी तळहात ठेवला आणि तसेच मागे फिरले. "आपण यायच्या आधी हिला चालू करून ठेवलंय," ते म्हणाले. "गार इंजिन कसं सुरू होतं ते दाखवायचं नाहीये त्यांना." दुसऱ्या गाडीत पायाखालचा गालिचा उचलून त्यांनी वास घेतला आणि मलाही घ्यायला लावला. ओल्या मातीचा वास होता. ती गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी राहिली होती. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती.

तिसरी गाडी टायरच्या दुकानामागच्या आवारात उभी होती. राखाडी, उंच, एका दारावर ओरखडा. आम्ही सकाळी सकाळी गेलो तेव्हा धुकं इतकं होतं की आधी नुसते तिचे दिवे दिसले आणि गाडी मागाहून दिसली. बॉनेट गार होतं. बाबांनी किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. काळा धूर नाही, निळा नाही. त्यांनी चालत्या इंजिनवरचं तेलाचं झाकण उघडून पाहिलं, खाली शिरून सांगाड्याला गंज आहे का ते पाहिलं, चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा पुढेमागे केला. त्यांना नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता.

"बस शेजारी," ते मला म्हणाले.

म्हणजे आईच्या जागेवर. मी शाळेत गणित शिकवते. झोपेवरून गाडी ठरवणं माझ्या पचनी पडत नाही. त्यातून मला स्वतःच्या गादीवरसुद्धा धड झोप लागत नाही, आणि हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. माझ्या तेव्हाच लक्षात आलं. बाबांना गाडी पसंत पडायलाच नको होती. धाकटीने डोंगरात एकटीने जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते तोंडाने बोलवत नव्हतं म्हणून ते माझ्या झोपेला पुढे करत होते. मला त्यांचा राग आला. कीवही आली, पण राग जास्त.

म्हणून मी सोंग घ्यायचं ठरवलं. आवाराबाहेर पडून गाडी तळ्याकाठच्या रस्त्याला लागली तशी मी मान सैल सोडली, ओठ किंचित उघडे ठेवले, श्वास लांबवला. आपण काय झकास वठवतोय म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी हूं की चूं केलं नाही.

"ऊठ," बाबा म्हणाले. "खरा झोपलेला माणूस गाडी थांबली की चाळवतो. तू तर आणखीनच गाढ झोपलीस."

मागे धाकटीच्या शेजारी गाडी विकणारा व्यापारी बसला होता, चष्मा कपाळावर चढवून. तो म्हणाला, "काका, गाडी घेताय की पलंग?"

बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोरच्या धुक्याकडे बघत राहिले. "ही नको," ते म्हणाले. "दुसरी बघू."

धाकटी इतके दिवस काही बोलली नव्हती. ती खाली उतरली, पुढून वळसा घालून आली आणि तिने बाबांच्या बाजूचं दार उघडलं.

"बाबा, तिकडे बसा. मी चालवते."

"मी असताना?"

"डोंगरात तुम्ही नसणार आहात, बाबा."

एवढं साधं बोलायला घरात कोणी धजावलं नव्हतं. बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. मग उतरले. मी मागे गेले आणि ते आईच्या जागेवर बसले. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. एक गुडघ्यावर, एक दाराच्या कडीला. उजवा पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबलेला.

धाकटीने गाडी काढली. घाई नाही, धसमुसळेपणा नाही. खड्डा दिसला की ती आधीच वेग उतरवायची, जनावराच्या अंगावर हात ठेवायच्या आधी ती थांबते तशी. तळं संपलं, चढ लागला. धुक्यातून एकेक झाड यायचं आणि काचेवरून मागे निघून जायचं. इंजिनचा आवाज एकसुरी, खालच्या पट्टीतला. आपण लहान आहोत आणि कुठेतरी लांब चाललो आहोत, असं मला वाटायला लागलं. पुढे बसलेली मान आईचीच आहे, असंही वाटलं. मी ते दुरुस्त करायला गेले नाही.

बाबांचा उजवा पाय केव्हा सैल पडला ते मला कळलं नाही. कडीवरचा हात घसरून मांडीवर आला. मान एका बाजूला कलली.

"ताई," व्यापारी कुजबुजला, "चाचणी म्हणजे कोपऱ्यापर्यंत असते हो. आपण कुठे निघालोय?"

"गप्प बसा," मी म्हणाले. "गाडी विकली जातेय तुमची."

चढाच्या वर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. धाकटीने अलगद ब्रेक लावला आणि इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. एक मेंढरू आमच्या दिव्यासमोर थबकलं आणि बाकीच्यांच्या मागे गेलं.

बाबा चाळवले. डोळे मिटलेलेच होते.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

धाकटीने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, माझेही. कळपातलं शेवटचं मेंढरू पलीकडे गेलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."

आणि तिने किल्ली फिरवली.