नाव घेतल्याशिवाय

आमच्या वाडीत पितर जेवायला घालत नाहीत. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हापासून श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याला हाका नाहीत. वरच्या आळीत भाद्रपदाच्या त्या पंधरवड्यात पानं वाढतात, पत्र्यावर घास ठेवतात आणि कावळा यायची वाट बघत माना वर करून उभे राहतात. आम्ही आपले खाचरातलं तण उपटत असतो. मी विठाबाई, अंगणवाडीतून रिटायर झालेली, विहार कमिटीची अध्यक्ष. पोरांना 'नाय' नाही, 'नाही' म्हणायला शिकवण्यात माझी निम्मी हयात गेली. भूतबित म्हणणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला खुळी समजायला नको.

त्या वर्षी वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात त्या काळात, आमच्या विहारात कंबोडियाचे भंते आले होते. धम्म सांगायला कुणी इतक्या लांबून आमच्या वाडीत येतं याचाच आम्हाला केवढा अभिमान! कशेळ्याच्या नाक्यावर जीपमधून उतरले तेव्हा खांद्याला एक झोळी आणि हातात छत्री, बाकी काही नाही. नाव सोफल, पण वाडीने आठवड्याच्या आत त्यांना सुफल भंते करून टाकलं. बोधगयेला राहून हिंदी शिकले होते, त्यात आमचे शब्द मिसळून बोलायचे. रोज एका घराने त्यांचं जेवण न्यायचं, तेही दुपारी बाराच्या आत, नंतर ते खात नाहीत. संध्याकाळी वंदना आणि प्रवचन. माणूस इतका शांत, की पोरंसुद्धा त्यांच्यापुढे हळू बोलायची.

सर्वपित्री अमावस्येला तीन दिवस राहिले होते. त्या दिवसांत आमच्याकडे तसाही आवाज नसतो. गणपती गेलेले, लग्नं नाहीत, वरच्या आळीतले नवं काही विकत घेत नाहीत म्हणून बाजारही सुना. भात पोटरीत आलेलं आणि वारा पार पडलेला. अशा एका सकाळी मी विहार झाडायला गेले, तर भिंतीच्या कडेने चारही बाजूंना भाताचे गोळे टाकलेले. लिंबाएवढे, काळे तीळ लावलेले. मी झाडू घेऊन तशीच उभी राहिले.

कमिटीचा सेक्रेटरी नवनाथ धावत आला. त्याचं म्हणणं, ही वरच्या आळीची करणी, विहारावर कुणीतरी उतारा टाकलाय. फोटो काढून ग्रुपवर टाकायलाही निघाला होता, मी हातातून मोबाईल काढून घेतला. करणी खोटी असते हे मीच सगळ्यांना शिकवायचं, आणि त्या सकाळी घाबरले ती मीच. कारण बाकीचे गोळे मुंग्यांनी आणि पाखरांनी कोरून टाकले होते. नदीच्या बाजूला विहाराचा नळ आहे, त्याच्यापाशी पडलेला एक गोळा मात्र जसाच्या तसा होता. त्याला मुंगीसुद्धा लागली नव्हती.

तेवढ्यात भंते बाहेर आले आणि उजाडायच्या आधी आपणच ते टाकले असं सरळ सांगून मोकळे झाले. त्यांच्या देशात हाच पंधरवडा पाळतात म्हणे. कचेऱ्या बंद, दुकानं बंद, सगळा देश आपापल्या गावी जातो. या दिवसांत मेलेल्यांच्या जगाचं दार उघडतं, तिथल्या उपाशी जिवांना सोडतात, आणि ते सात विहार हिंडून आपल्या माणसांनी काही आणलंय का ते शोधतात. कुठेच नाही मिळालं तर रडत परत जातात. भंतेंचे आजी-आजोबा आणि दोन मामा त्यांच्या देशातल्या वाईट काळात अन्न अन्न करत गेले, कुठे पुरले तेही माहीत नाही. आपली माणसं तिकडे सात विहार हिंडत असतील आणि आपण इथे, म्हणाले. म्हणून इथे जे कोण असेल त्याला घास टाकला, तिकडे आपल्या माणसांना कुणीतरी टाकेल.

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण राग जास्त आला. मी त्यांना ठणकावून सांगितलं, की आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, त्यात श्राद्ध-पिंड करणार नाही असं साफ म्हटलंय, तुमच्या देशात काय करायचं ते करा, आमच्या विहारात हे चालणार नाही. भंतेंनी हात जोडले, माफी मागितली आणि स्वतः गोळे वेचायला लागले. वेचत वेचत नळापाशी आले आणि थांबले.

"मग याला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

कुणाला, म्हटलं. तर रोज जेवणाच्या वेळेला एक पोरगा इथे येऊन उभा राहतो, म्हणाले. कमरेपर्यंत भिजलेला, चपला हातात धरलेल्या. आत ये म्हटलं तर येत नाही, काही मागत नाही, नुसता उभा असतो. मी म्हटलं, नदी उतरून येणारा कुणीही चपला हातातच धरतो, असेल पलीकडच्या वाडीचा. एवढं बोलून मी झाडलोट अर्धी टाकून घरी निघाले.

माझा रुपेश माथेरानला हॉटेलात कामाला होता. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत सुट्टी घेऊन घरी यायला निघाला, आणि पुलावरून वळसा नको म्हणून पेज नदीत उतरला. पलीकडच्या काठावरच्या गुराख्याने त्याला चपला हातात घेऊन पाण्यात शिरताना बघितलं. पाणी चढत होतं. बाहेर आलेला कुणी बघितला नाही. पेज उल्हास नदीला मिळते तिथपर्यंत धुंडाळली, पण काही लागलं नाही. मी म्हटलं, सापडला नाही म्हणजे गेला नाही. पट्टीचा पोहणारा पोरगा, लागला असेल कुठेतरी काठाला, डोक्याला मार बसून विसरला असेल. कुणी म्हटलं वापीला तसाच एक दिसला, की मी वापीला. त्याच्या नंबरला दर महिन्याला रिचार्ज मारते, नाहीतर कंपनी नंबर दुसऱ्याला देऊन टाकते. रोज झोपताना लावते. बंद असतो.

घरी आल्या आल्या मी नवऱ्यावर तोंड सोडलं. कोंडीराम माझ्या नवऱ्याचं नाव, मोजकं बोलणारा माणूस. भंतेंचे कान तुमीच भरलेत, त्यांच्याकडून माझ्या पोराला भूत करवून घेता का, असं मी नाही नाही ते बोलले. ते काथ्या वळत बसले होते. मी त्या भंत्यांशी अजून एक शब्द बोललेलो नाही, म्हणाले. मी तरीही थांबेना, प्रतिज्ञेवर आले. तेव्हा त्यांनी काथ्या खाली ठेवला.

"तुला प्रतिज्ञेचं काय पडलंय गं? ती मलाबी ठाव हाय. तुला त्यो गेला म्हनायचं नाय, येवढंच हाय. पान वाढलं तर मेला, रिचार्ज मारला तर जिता."

मी त्यांना त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या वेळेला विहाराच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, एकदाचा छडा लावू. नळापाशी कुणीच नव्हतं. भंते आत पानावर बसले, थोडा भात वेगळा काढून त्यांनी उंबऱ्याशी ठेवला. पायरीवर काळ्या पडला होता. हे वाडीचं कुत्रं इतकं आळशी, की अंगावर मोटारसायकल आली तरी उठायचं नाही. ते उठलं. शेपटी हलवत, अंग वाकडं करत नळापाशी गेलं आणि तिथे बसलं. मग त्याने हनुवटी टेकली. पण ती जमिनीला टेकली नव्हती हो. चार बोटं वर होती, कुणाच्या तरी पायावर ठेवावी तशी.

मी भंतेंना विचारलं, तो आहे का तिथे?

भंतेंनी मान हलवली. "तुमच्याकडे बघतोय," ते म्हणाले.

मी जीव खाऊन बघितलं. नळ, त्याच्या खालची फरशी, मागे शेवाळलेली भिंत, आणि ते कुत्रं डोळे मिटून पडलेलं. दुसरं काही मला दिसलं नाही. आईला दिसू नये आणि परक्या देशातल्या माणसाला दिसावं, याचा मला इतका संताप आला की रडूच फुटलं. भंते मला समजावायला लागले. त्यांच्यात अशा माणसाला घरच्यांनी नाव घेऊन बोलवावं लागतं, नाव घेतल्याशिवाय ती आत येत नाहीत आणि जेवत नाहीत. त्यांना नाव माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी त्यांनी घेऊन उपयोग नव्हता. परवा अमावस्या, म्हणाले. त्यानंतर वर्षभर दार बंद होतं, मग हा उपाशीच परत जाईल.

माझ्या घरात कुणी मेलेलं नाही, असं त्यांना सांगून मी उठले. आणि संध्याकाळी वाल भिजत घातले. वालाचं बिरडं रुपेशला जीव की प्राण. कुणासाठी भिजवतेयस, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाल फडक्यात बांधून ठेवले. त्या रात्री पहिल्यांदाच मी त्याचा नंबर लावला नाही. अमावस्येच्या सकाळी मोड आलेले वाल गरम पाण्यात टाकून सोलायला बसले, तर कोंडीराम समोर येऊन बसले आणि सोलायला लागले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, बिरडं केलं, डबा बांधला. वाटेत नवनाथ भेटला. आज भोजनदानाची पाळी माझी, असं त्याला सांगितलं. खोटं कुठे होतं? ताट मी भंतेंनाच वाढलं. प्रतिज्ञेला माझ्याकडून धक्का लागलेला नाही.

ताट वाढून झालं तरी भंते हात लावेनात. ते माझ्याकडे बघत राहिले. बारा वाजायला आले होते. कोंडीराम भिंतीला टेकून बसले होते, त्यांचे ओठ हलत होते, पण ते माझ्याआधी बोलणार नव्हते. मला वाटत होतं, मी तोंड उघडलं की माझ्याच हाताने पोराला पाण्यात ढकलेन. वापीला असेल तर? उद्या दारात येऊन उभा राहिला तर काय सांगू त्याला, तुझ्या नावाने जेवण घातलं म्हणून? बाहेर काळ्या नळापाशीच पडून होता. आणि माझ्या मनात आलं, तीन वर्षं तो तिथे ओल्या अंगाने उभा आहे, आणि मी त्याला घरात घेत नाहीये.

"रुपेश कोंडीराम," मी म्हटलं. अंगणवाडीत हजेरी घ्यायचे तसाच आवाज निघाला. "माझा रुपेश गेला. नदीत गेला. रुपेश, आत ये रं. बिरडं केलंय."

काळ्याने डोकं उचललं. उंबऱ्याजवळ बसलेल्या भंतेंनी चिवराचं टोक आवरलं आणि कुणाला वाट द्यावी तसे बाजूला सरकले. विहारात पुराच्या पाण्याचा, गाळाचा वास आला. कोंडीरामनाही आला, त्यांनी नाकाला हात लावून माझ्याकडे बघितलं. भंते हळू आवाजात पाली म्हणायला लागले आणि लोटीतलं पाणी थेंब थेंब वाटीत सोडत राहिले. मी ताटासमोर बसले होते, तो जेवायचा तेव्हा बसायचे तशी. पोटभर जेव, घाई करू नको, असं काहीबाही मी बोलत होते म्हणे. मला आठवत नाही.

पाणी संपलं. भंतेंची नजर ताटावरून उठली आणि सावकाश दाराकडे गेली.

"निघाला," ते म्हणाले.

आमच्यात घरातून निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही. शाळेला निघाला तेव्हा, कामाला निघाला तेव्हा, माथेरानच्या प्रत्येक खेपेला मी दारात उभी राहून त्याला 'ये हां' म्हणाले होते. तोच शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला.

"जा, बाळा," मी म्हटलं. "आता येऊ नकोस."