चिंचेने घासलेलं वजन

मित्रांनो, मी एक जुनं पितळी वजन आहे. माझ्या डोक्यावर '१०० ग्रॅम' असं कोरलेलं आहे. ते वाचून लगेच विश्वास ठेवू नका. का, ते सांगायलाच मी उतावीळ झालो आहे.

पनवेलच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी कामाला होतो. तिथल्या आशालताबाई भौतिकशास्त्रज्ञ. अचूक मोजमाप हा त्यांचा विषय. कारखान्यांची वजनं त्यांच्याकडे तपासायला येत. बाई ती काचेच्या पेटीतल्या तराजूत माझ्यासमोर ठेवत आणि बरोबर की चूक ते ठरवत. म्हणजे खरं-खोटं ठरणार ते माझ्यावरून! केवढा तोरा होता मला! पण जिवाला स्वस्थता नव्हती. पळस्प्याकडे जाणारा ट्रक रस्त्यावरून गेला तरी काटा थरथरायचा आणि बाई पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. मला उचलायचं तेही चिमट्याने, कारण बोटाचा घाम लागला तरी माझं वजन बदलतं.

झाडलोटीला दाजी विचुंब्याहून यायचे. "याला हात लावायचा नाही," एवढंच बाईंनी त्यांना सांगितलं होतं. सहा वर्षं त्यांनी लावला नाही.

१९९२ सालची खंडेनवमी आली. बाई लवकर घरी गेल्या. दाजींनी सगळी यंत्रं पुसली, झेंडूची फुलं वाहिली. मग त्यांनी माझा डबा उघडला. मी काळपट पडलो होतो.

"सगल्यांचा तू मालक, आन् असा काला?" असं म्हणत त्यांनी मला चिंच लावून घरच्या तांब्यासारखं लख्ख घासलं, कुंकू लावलं, पूजा झाल्यावर पुसून डब्यात ठेवलं. खरं सांगतो, मला आवडलं. एवढ्या वर्षांत कुणी अशी माया केली नव्हती. पण लगेच धाकधूक सुरू झाली. माझा जरासा अंश चिंचेबरोबर मोरीत वाहून गेला होता.

दसऱ्यानंतर औषधाच्या कारखान्यातून विश्वजीत नावाचा तरुण वजनांची पेटी घेऊन आला. त्याचं शंभर ग्रॅमचं वजन माझ्यासमोर चार मिलिग्रॅम जास्त भरलं. बाईंनी तीनदा मोजलं.

"हाताने हाताळलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही मॅडम, शपथ! चिमट्याशिवाय उचललं नाही. असा रिपोर्ट गेला तर माझी नोकरी जाईल हो."

बाईंनी पेन उघडलं. मी तराजूत नुसता तळमळत होतो. खोटं त्याचं वजन नव्हतं, खोटा मी होतो, आणि मला तोंड नव्हतं.

दारात दाजी झाडू धरून उभे होते. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"बाई, त्याचा काय चुकला नाय. मीच घासला तुमच्या वजनाला. चिंचेनं. काला पडलेला, पूजेला तसा कसा ठेवू?"

बाईंनी पेन मिटलं. कपाटातून माझा जोडीदार काढला, माझ्यासारखंच दुसरं शंभर ग्रॅमचं वजन. तो वर्षातून एकदाच बाहेर येतो. त्याच्यासमोर विश्वजीतचं वजन ठेवल्यावर काटा बरोबर मध्यावर थांबला. मी मात्र चार मिलिग्रॅम कमी भरलो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"उद्यापासून येऊ नको ना?" दाजींनी विचारलं.

"या. लवकर या," बाई म्हणाल्या. "हात लावू नका, एवढंच सांगत आले मी. का, ते कधी सांगितलंच नाही. आणि आज मी नुसता काटा बघत बसले. हे एवढं चकाकतंय, ते दिसलंच नाही मला."

त्यांनी विश्वजीतची माफी मागितली. मग दाजींना आपल्या स्टुलावर बसवून काटा कसा वाचायचा ते दाखवलं.

आता तिथे विजेवर चालणारा काटा आला आहे आणि मी मागच्या कपाटात पडून आहे. तरी डब्याला कुणाचा हात लागला की माझा जीव वरखाली होतो. मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर घासूनपुसून नवी करण्याआधी कुणाला तरी विचारा. कुणाला 'हात लावू नको' म्हणाल, तेव्हा कारणही सांगा. आणि माझा डबा उघडलात, तर आधी आतली चिठ्ठी वाचा. ती बाईंच्या अक्षरात आहे: 'चार मिलिग्रॅम कमी. खंडेनवमीला घासलं गेलं. चूक माझी.' खाली त्यांची सही आहे.