एका दमात

घरात तिला सगळे ‘धांदल’ म्हणत. चार वर्षांची असताना तिच्या हातून पाण्याचा काचेचा जग फुटला, तेव्हापासून. त्यानंतर घरात फुटलेला प्रत्येक कप तिच्याच माथी. मांजराने पाडलेलासुद्धा. आणि घरचा धंदा कशाचा, तर काचेचा! म्हणून दादाने तिला कामावर घेतलं ते काउंटरवर. फोन घे, मापं लिहून ठेव, आणि कापायच्या टेबलापासून चार हात लांब राहा.

पण दुपारी दादा जेवायला गेला की ती टाकाऊ तुकड्यांच्या पेटीकडे धावायची. गेलं वर्षभर हेच चाललं होतं. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, रेघ ओढायची, दाबायचं. टच्! एका तुकड्याचे दोन. तो आवाज आला की तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

आज सकाळी दुकानात काच कापणारे मास्तर आले ते मनगटाला प्लास्टर घालूनच. जिन्यावर पाय घसरला होता. आणि नेमक्या आजच बेकरीवाल्या काकू दारात उभ्या. उद्या त्यांची नवी बेकरी उघडायची होती, आणि दर्शनी भाग अजून काचेविना उघडाबोडका.

काउंटरमागे तिच्या शेजारी तिची चार वर्षांची लेक बसली होती. बालवाडीला सुट्टी होती आज. काकूंनी वाकून विचारलं, “काय गं चिमुरडे, नाव काय तुझं?”

“लाजाळू आहे हो ती,” नेहमीप्रमाणे आईनेच उत्तर दिलं. लेकीने मान आणखी खाली घातली.

“दुसरा कारागीर सोमवारशिवाय येत नाही म्हणतोय,” दादाने फोन आपटला.

“मी कापते,” ती म्हणाली.

“तू? अगं धांदले, तुझ्या हातून पाण्याचा ग्लास धड टेबलापर्यंत पोचत नाही!”

“ग्लास नसेल पोचत. रेघ पोचते.”

“मला काच हवीय बाबांनो,” काकू म्हणाल्या, “कुणी का कापेना!”

मास्तर स्टुलावरून म्हणाले, “कापू दे. तसल्या दोन काचा आहेत.”

दादाने हात वर केले. “ठीक. पण दोन्ही गेल्या तर सोमवारचा माणूस कायमचा ठेवणार. मग या टेबलाचं नाव काढायचं नाही.”

पहिली काच टेबलावर आली. माणसापेक्षा उंच, हिरवट कडांची. पट्टी धरायला दादा समोर उभा राहिला, आणि त्याचे डोळे तिच्या हातांवर. आता दाखवतेच याला, किती जपून काम करते ते. ती हळू निघाली. अगदी हळू. मध्ये थांबली, नीट होतंय ना ते वाकून पाहिलं, मग त्याच रेघेवरून पुन्हा एकदा कटर फिरवलं. दाबल्याबरोबर तडा अर्ध्यातूनच वाट सोडून भलतीकडे पळाला.

“झालं!” दादा म्हणाला. “एवढं जपून केलंस तरी.”

तिचे कान तापले. मास्तर शांतपणे म्हणाले, “दुपारी कापतेस तशी काप की.”

म्हणजे यांना माहीत होतं! वर्षभर! ती त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिला फस्सकन हसू आलं. दुपारी ती कुठे थांबत होती? दुपारी कुणाला काही दाखवायचंच नसायचं.

दुसरी काच आली. तिने चाक बुडवलं, पाय रोवले, श्वास घेतला आणि सूऽऽऽ! या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, तिच्या स्वतःच्या वेगाने. रेघ ताजी असतानाच तिच्याखाली पट्टी सरकवली आणि दोन्ही तळवे टेकले.

टच्!

काच रेघेवर दुभंगली, जशी काही तिचीच वाट बघत होती. काकूंनी टाळ्या पिटल्या. मास्तरांनी प्लास्टर विसरून टाळी वाजवली आणि “आई गं!” म्हणून ओरडले.

दादाने कडेवरून बोट फिरवलं. कुठे खाच नाही, कुठे कपची नाही. “आजपासून तुझं नाव बिजली!”

“नाव नको रे दादा,” ती धापा टाकत म्हणाली. “टेबल दे.”

दादाने एप्रन काढून तिच्या गळ्यात अडकवला.

काकू पुन्हा काउंटरपाशी वाकल्या. “बघितलंस का गं आईला?”

“ला...” आईच्या ओठांवर नेहमीचा शब्द आला होता. तिने तो गिळला. आणि थांबली. जिला चहा निवेपर्यंत धीर धरवत नाही, ती थांबली. लेकीने बोटं मोडली, फ्रॉक चुरगळला, छताकडे पाहिलं. आई थांबूनच.

“त्या काचेला,” लेक हळूच म्हणाली, मग एकदम मोठ्यांदा, “उद्या सगळ्यात आधी मी बोटं लावणार! दहाच्या दहा!”

“लाव गं बाई, खुशाल लाव!” काकू खो खो हसल्या. “आणि हिला लाजाळू म्ह...”

“काकू,” आईने ते वाक्य तिथल्या तिथे तोडलं, “तिला कुठलं नाव चिकटवू नका. अजून चार वर्षांचीच आहे.”