अवसेचं माप

शिरूर कासारजवळच्या एका गावच्या पाणी संस्थेत नवा कॉम्प्युटर आला आणि बद्रीनाथ गुरुजींचा जुना प्रोग्राम मुका झाला. गुरुजी जाऊन नऊ वर्षं झाली. पण गावचं पाणी कुठवर पुरेल हे विहिरींच्या पातळ्यांवरून सांगणारं गणित त्यांचंच. त्यात विहिरी मोजणाऱ्या आश्रुबांची बावीस वर्षांची मापं होती. अवसेला, म्हणजे अमावस्येला, आउतं बंद, मोटारी बंद, विहिरी निवांत. आश्रुबा तेव्हाच विहिरीत टेप सोडायचे. आज दुपारी बैठक होती. आकडा नसला तर पाणी दांडग्याचं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

शिवकन्या संस्थेची कारकून. दहावी नापास, कॉम्प्युटर शिकली ती तो बंद पाडून पाडून.

"मामा, बिघडलं काईच न्हाई. नवी मशीन लई पळती. प्रोग्राम सुरू होतानाच तिचा वेग मोजतो अन् तिथंच कोसळतो."

"म्हंजी म्हाताऱ्या बैलासंगं खोंड जुपलाय म्हण की."

"तेच. आता खोंडाला आवरते."

नव्या कॉम्प्युटरच्या पोटात तिनं जुन्या काळचा नकली कॉम्प्युटर उभा केला आणि त्याचा वेग उतरवत आणला. सातव्या खेपेला काळ्या पडद्यावर गुरुजींची हिरवी अक्षरं उमटली. आश्रुबांनी नकळत टोपी सारखी केली.

पण उत्तर आलं: पाणी होळीच्या आतच संपणार.

"गुरुजींच्या वेळच्या दुष्काळाचं उत्तर त्यांच्या जुन्या कागदाशी जुळलं. विहिरींत पाणी दिसतंय, मग औंदाच कावून चुकतंय? माझंच काईतरी..." ती सगळं पुसून पहिल्यापासून मांडायला निघाली.

आश्रुबांनी आपली वही उघडली. गेल्या अवसेला ते तापानं फणफणले होते. माप घेतलं दोन दिवसांनी, मोटारी धडाडत असताना, पाणी खाली गेलेलं. वहीत तारीख मात्र अवसेची.

"थांब पोरी. तुझं बराबर हाय. लबाड मी हाय." त्यांनी सगळं सांगून टाकलं.

शिवकन्या हसली. "बावीस वर्सांत एक लबाडी केली, ती पकडायला बी गुरुजीच लागले व्हय?" तिनं ते माप वगळलं. आता उत्तर आलं: मोटारी रोज दोनच तास चालवल्या, तर ज्येष्ठापर्यंत.

"बैठकीत माझी चूक बी सांग."

"ती तुमी सांगा. मी आकडा सांगते."

आश्रुबांनी उभं राहून सांगितलं. मागं कुणीतरी खुसखुसलं. चेअरमन सुंदरराव म्हणाले, "बावीस सालांत एकच? आपल्याकडं तर दर बैठकीला चार निघत्यात." मग त्यांनी शिवकन्येचा कागद दोनदा वाचला आणि दोन तासांच्या ठरावावर पहिली सही ठोकली.

गावात सगळ्यात मोठी मोटार त्यांचीच होती.