उलटा चाललेला बैल

भावनानं बैलाच्या पोटाखालचं बटण दाबलं आणि सगळी शाळा गप्प झाली.

लाकडी बैल थरथरला, घुर्रर्र वाजला आणि निघाला. मागे! शिंगं तोरणाकडे, अन् स्वारी शेपटीच्या दिशेनं सुसाट. थेट पाहुण्या केंद्रप्रमुखांच्या बुटांवर जाऊन आपटला.

"अबे, बैल भेला रे!" कोणीतरी ओरडलं. "पोळा फुटाच्या आधीच घरी चालला!"

मैदानभर हशा. तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत तोरणाखालून नेतात. यंदा चौथीच्या वर्गानं शाळेला मिळालेल्या विज्ञानपेटीतली मोटर बसवून बिनदोरीचा बैल केला होता. वर्गानं म्हणजे भावनानं आणि जयानं. बैलाची चाकं जयानं बसवली, तारा भावनानं जोडल्या. "एक डाव चालवून तं पाहू," असं जया काल दोनदा म्हणाली होती. "मले समजते व," म्हणत भावनानं वरून झूल चिकटवून टाकली होती.

चित्रण करणाऱ्या गोपाल सरांचा मोबाइल अजून भावनाकडेच रोखलेला होता.

"भावना, तारा कोणी जोडल्या?"

भावनाचे कान तापले. सगळं गाव बघत होतं.

"जयानं."

शब्द तोंडातून निघाला आणि मग तिला ऐकू आला.

जयानं तिच्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती मातीत बसली, बैल आडवा केला, सेलची डबी उघडली आणि दोन्ही सेल काढून उलटे घातले. बैल उभा करून बटण दाबलं. तो डुलत डुलत, अगदी ऐटीत, तोरणाखालून गेला.

टाळ्याच टाळ्या.

"कसं काय सुचलं गं?" सरांनी विचारलं.

"माह्याच हातून उलटं झालतं ना, सर."

"बघा मुलांनो! जिची चूक, तिनंच दुरुस्त केली!"

भावनाही टाळ्या वाजवत होती. हात थांबवावेत कसे, तेच तिला कळेना.

मग बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे ओवाळणीचा खाऊ नाहीतर पैसे, मागायला जायचं होतं. दोघी दरवर्षी जोडीनंच जायच्या, म्हणून आजही निघाल्या. जया पुढे, भावना मागे. बैल भावनाच्या काखेत. पहिलं घर जयाचंच. तिच्या आईनं, मंदाबाईंनी, बैलाला कुंकू लावलं, ओवाळलं.

"काऊन व जया, उलटा चालवला म्हणे तू? सारे हासून राह्यले."

जया उंबऱ्याकडे बघत राहिली.

"काकू," भावना म्हणाली. "तारा म्या जोडल्या होत्या. जयानं नाई."

मंदाबाईंचा हात ताटावरच थांबला. त्यांनी आधी जयाकडे पाहिलं, मग भावनाकडे.

"इथं सांगून राह्यली?" जया हळूच म्हणाली. "इथं तं मायच हाय."

मंदाबाईंनी दोघींच्याही हातावर मुरमुऱ्याचा एकेक लाडू ठेवला, सारखाच. जयानं आपला लगेच तोंडात टाकला.

भावनाची मूठ मिटेना. लाडू तसाच तळहातावर धरून ती वळली आणि शाळेच्या दिशेनं चालू लागली. मैदानात अजून माणसं होती.